कठड्यावरचा भात

वाटीच्या काठावर चमचा दोनदा वाजला. टण्, टण्. दुपारचे अडीच वाजले होते, केतकी माझ्या कुशीत झोपली होती, पंखासुद्धा आवाज न करता फिरत होता. त्या शांततेत मी दचकले. केतकी हलली नाही. तिच्या कानामागचं यंत्र उशाशी डबीत होतं, आणि ते काढलं की तिला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे. ती झोपली की घरातला प्रत्येक आवाज मी तिच्या वाटणीचाही ऐकायचे. ती सहा महिन्यांची असताना डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासूनची ही सवय, आजही सुटलेली नाही.

तिचा हात हळूच बाजूला करून मी उठले. पुढचं दार उघडं होतं. बाहेर, नवव्या मजल्यावरच्या सामाईक कॉरिडॉरमध्ये, माझ्या सासूबाई कठड्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या मागं कुसुमा, आमच्या घरी राहून काम करणारी श्रीलंकेची बाई, त्या फार वाकू नयेत म्हणून त्यांचा दंड धरून. कठड्यावर भाताची मूद, वर वरण, तुपाचा थेंब. आणि हातभर अंतरावर मान तिरकी करून बसलेला एक कावळा.

"आई, आत या," मी दबक्या आवाजात म्हणाले.

"थांब गं. खातोय तो."

खरंच खात होता. आणि आई, पंगतीत उभं राहून आग्रह करावा तशा, त्याच्याकडं बघत होत्या.

"लिफ्टमधली पाटी वाचून दाखवली होती ना मी तुम्हाला?"

"दाखवलीस की. पक्ष्यांना खायला घालू नका म्हणतात." त्यांनी वाटीतली उरलेली शितं बोटानं निपटून कठड्यावर ठेवली. "मी पक्ष्यांना कुठं घालतेय?"

कुसुमा हसली. मीही हसले. मी तेव्हाच वाटी काढून घ्यायला हवी होती.

सिंगापुरात येऊन आम्हाला तेव्हा पाच वर्षं होत आली होती. कौस्तुभ एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होता. केतकी इथंच जन्मली, इथंच तिच्या कानाचं ऑपरेशन झालं, आणि इथंच ती आठवड्यातून दोनदा थेरपीला जाऊन एकेक आवाज ओळखायला शिकत होती. आधी दाराची बेल, मग पाणी, मग स्वतःचं नाव. पहिली काही वर्षं गेली तर पुढं फार अवघड, असं थेरपिस्टनं बजावलं होतं. कौस्तुभच्या कंपनीत माणसं कमी करणं सुरू होतं, आणि नोकरी गेली तर आम्हाला महिन्याभरात देश सोडावा लागणार होता. म्हणून कायम राहण्याचा परवाना हवा होता. पहिला अर्ज नाकारला गेला. दुसरा गेले चार महिने कुठल्यातरी टेबलावर होता, आणि आम्ही दोघं त्या टेबलाला घाबरून राहत होतो. रस्ता ओलांडताना, कचरा टाकताना, घरात मिक्सर लावताना.

आईंचं दुःख वेगळं होतं, आणि त्या ते कधी बोलून दाखवायच्या नाहीत. अण्णा, म्हणजे माझे सासरे, कराडला गेले ते केतकीच्या ऑपरेशनच्या आठ दिवस आधी. कौस्तुभ धावत गेला, अग्नी दिला, आणि पाचव्या दिवशी परत आला, कारण ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली तर पुन्हा चार महिने मिळणार नव्हती. दहाव्याचं त्याच्या चुलतभावानं केलं. कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला, आजूबाजूच्या पिंडांवर कावळे तुटून पडत होते, आणि अण्णांच्या पिंडाकडं एकही फिरकेना. लोकांनी जमेल ती वचनं दिली. मुलाचं नीट चाललंय, नातीचं ऑपरेशन होईल, आईला अंतर देणार नाही. दोन तास झाले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं जेवायला गेली.

"त्यांना पोराला बघायचं होतं, दुसरं काय," एवढंच आई मला एकदा म्हणाल्या होत्या, मेथी निवडता निवडता. कौस्तुभसमोर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

वर्षश्राद्ध उरकून त्या आमच्याकडं आल्या. आल्यानंतर आठवड्यातच एका दुपारी कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालताना त्यांनी सहज पोळीचा तुकडा कठड्यावर ठेवला, आणि कावळा आला. समोरच्या झाडावरून सरळ, जराही न थांबता. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग रोज दुपारी घरात सामसूम झाली की पहिली वाटी कठड्यावर जायला लागली. कुसुमा त्यांना सोबत करायची. "आमच्या गावातपण ठेवतात मॅडम, माणूस गेलं की," ती मला म्हणाली होती. आईंना इंग्रजी येत नव्हतं आणि तिला मराठी, पण दिवसभर दोघी स्वयंपाकघरात. सहा महिन्यांत कुसुमा "अम्मा, पोळी करपली" म्हणायला लागली होती. केतकीशीसुद्धा ती आईंचंच मराठी बोलायची, तिच्या डाव्या बाजूला बसून, ओठ नीट दिसतील अशी. केतकीनं 'पाणी' हा शब्द पहिल्यांदा थेरपीत नाही, कुसुमापाशी म्हटला.

कौस्तुभला कळलं ते शेजारच्या ब्लॉकमधल्या एका बाईला नोटीस आली तेव्हा. तो आईंवर ओरडला नाही. समोर बसून समजावलं. इथं रस्त्यात कबुतराला दाणे टाकले तरी दंड होतो, हे त्यांचं घर आहे, त्यांचे नियम आहेत, आपण पाहुणे. आई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं." आठ दिवस त्यांनी काही ठेवलं नाही. नवव्या दिवशी कावळा स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन ओरडायला लागला, आणि आई जेवता जेवता ताटावरून उठल्या.

मी हे कौस्तुभला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता बेल वाजली. केतकी लगेच बोट वर करून "बेल" म्हणाली आणि टाळ्या वाजवत दाराकडं धावली. दारात दोघं होते. एक चाळिशीचे गृहस्थ, एक तरुण मुलगी, दोघांच्या गळ्यात सरकारी ओळखपत्रं. मुलीच्या हातात टॅबलेट. बोलणं अतिशय सभ्य. बूट काढून आत आले.

त्यांच्याकडं फोटो होता. वरच्या मजल्यावरून, तिरका घेतलेला. कठडा, कुंडी, कावळा, आणि कुंडीच्या पानांआडून आलेला एक हात, वाटी धरलेला. मनगटापर्यंतच. अण्णा गेल्यापासून आईंच्या हातात बांगडी नव्हती. कुसुमा कामात अडतं म्हणून कधी घालायची नाही. सावळा, मोकळा, वयाचा नीट अंदाज न येणारा हात.

"हे आपल्याच घरासमोरचं आहे, बरोबर?" गृहस्थांनी विचारलं. "घरातलं कुणी हे करतं का?"

कुसुमा जेवणाच्या टेबलावर इस्त्री करत होती. आई न्हाऊन आतल्या खोलीत केस पुसत होत्या. कौस्तुभनं फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला, आणि मग माझ्याकडं न बघता, हवापाण्याबद्दल बोलावं तशा सुरात, मराठीत म्हणाला, "आईचं नाव येता कामा नये. तिचा व्हिसा माझ्या नावावर आहे. अर्ज आत पडलाय, वृंदा."

दोघं माझ्याकडं बघत होते. केतकी त्या मुलीच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन उलटसुलट करत होती. तिच्या कानामागचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आमची हेल्पर," मी म्हणाले.

इस्त्रीचा आवाज थांबला. त्या क्षणी मला आठवलं की कुसुमाला मराठी कळतं.

गृहस्थ तिच्याकडं वळले. अगदी सौम्यपणे विचारलं, हा हात तुमचा आहे का, घाबरू नका, खरं ते सांगा. कुसुमानं फोटो पाहिला. मग आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं, मग केतकीकडं. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

"येस सर," ती म्हणाली.

मुलीनं लिहून घ्यायला सुरुवात केली. पूर्ण नाव, परमिटचा नंबर, किती दिवसांपासून. आणि तेवढ्यात आई बाहेर आल्या. केसांना टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी टॅबलेटवरचा फोटो पाहिला, कुसुमाचा चेहरा पाहिला, आणि त्यांना सगळं समजलं.

"अगं, तिला काय विचारतायत?" त्या सरळ त्या गृहस्थांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी ठेवते भात. माझ्या मालकांसाठी ठेवते. वृंदा, सांग त्यांना. म्हणावं, मी ठेवते."

गृहस्थ अदबीनं उठून उभे राहिले. "आंटी काय म्हणतायत?"

मला विचार करायला वेळ नव्हता असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. वेळ होता. त्यांनी विचारलं, मी आईंकडं पाहिलं, आईंनी होकारार्थी मान हलवली, सांग म्हणून, आणि मग मी बोलले. एवढ्या वेळात दोन वेळा खरं सांगून झालं असतं.

"त्या विचारतायत, तुम्ही चहा घेणार का."

त्या मुलीच्या चेहऱ्यावर हसू आलं. गृहस्थांनी आईंपुढं हात जोडले, आपल्या पद्धतीनं, कुठंतरी शिकून घेतल्यासारखे. नको, नको, थँक यू, आंटी. आईंना वाटलं, त्यांचं म्हणणं पोचलं. त्यांनीही हात जोडले, आणि खुर्चीवर बसल्या, आता आपल्याला काय ते सांगतील म्हणून वाट बघत.

पहिलीच वेळ म्हणून दंड आणि ताकीद. कागदावर सही कुसुमाची. ते गेले तेव्हा साडेदहासुद्धा झाले नव्हते.

"झालं?" आई म्हणाल्या. "मला काहीच बोलले नाहीत ते. भली माणसं दिसतात."

कौस्तुभनं त्यांना सांगितलं. मी सांगायला हवं होतं, पण त्यानं सांगितलं, थोडक्यात. कुसुमाचं नाव दिलंय, तिला काही होत नाही, दंड आपणच भरणार. आई त्याच्याकडं बघतच नव्हत्या.

"मी बोलले ते तू त्यांना काय म्हणून सांगितलंस?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी केसांचा टॉवेल सोडून मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "माझं काय झालं असतं? दंड झाला असता. नाहीतर परत जा म्हणाले असते. मला कुठं इथं राहायचंय?" आणि थोड्या वेळानं, उठता उठता, "माझ्या तोंडात तुझे शब्द घातलेस. मी यांच्यापाशी चाळीस वर्षांत खोटं बोलले नव्हते."

कुसुमाला ठेवायचं की नाही हे आम्ही रविवारी ठरवलं. बोलणं सगळं कौस्तुभनं केलं आणि मी नाही म्हटलं नाही. तिच्या नावावर नोंद झालीय, उद्या अर्ज उघडणाऱ्यानं घराची चौकशी केली तर ती दिसणार. शिवाय ती कुणाला काही बोलली तर. दर रविवारी ती तिच्या गावच्या बायकांना भेटते, बायका बोलतातच. शिवाय आता तिच्याकडं बघून आपल्याला रोज कसं वाटेल, हेही तो म्हणाला, आणि तेवढंच एक खरं होतं. वर्क परमिट रद्द करणं मालकाच्या हातात असतं. त्यानं लॅपटॉपवर ते पाच मिनिटांत केलं. तिकीट बुधवारचं मिळालं.

तिला सांगायचं काम माझ्याकडं आलं. ती भांडी पुसत होती. मी घरच्या परिस्थितीबद्दल काहीतरी बोलले, कौस्तुभच्या नोकरीचं नक्की नाही वगैरे. तिनं ऐकून घेतलं. तिची मुलगी तिकडं श्रीलंकेत, कुरुनेगलाजवळ नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. अशी नोंद असलेल्या बाईला इथं दुसरं घर मिळणं कठीण, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"दुसऱ्या मॅडमसाठी चिठ्ठी द्याल?" एवढंच तिनं विचारलं. "काम चांगलं करते, असं?"

मी कौस्तुभला विचारून सांगते म्हणाले. चिठ्ठी दिली नाही. त्याचं म्हणणं होतं, लेखी काही नको.

बुधवारी केतकी कौस्तुभबरोबर थेरपीला गेली असतानाच्या वेळेत तिला न्यायला टॅक्सी बोलावली होती. आईंनी सकाळपासून स्वयंपाकघरात तिच्यासाठी डबा केला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. डबा देताना आईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि कुसुमा वाकून त्यांच्या पाया पडली. लिफ्टपाशी मी तिची बॅग धरली तर तिनं माझ्या हातून काढून घेतली. लिफ्टचं दार उघडलं, आत ती लाल फुली मारलेली पाटी.

"मॅडम," ती म्हणाली. मला वाटलं, आता बोलेल. मी वाटच बघत होते.

"नवीन बाई आली की तिला सांगा, केतूच्या डाव्या बाजूला बसून बोलायचं. आणि हळू बोलायचं नाही. नेहमीसारखं बोलायचं." हे तिनं मराठीत सांगितलं.

तीन आठवड्यांनी आई कराडला परतल्या. व्हिसा आणखी पाच महिन्यांचा होता. त्या तीन आठवड्यांत त्यांनी कठड्यावर काही ठेवलं नाही. कावळा खिडकीशी येऊन ओरडायचा, आणि त्या गॅसची शेगडी पुसत राहायच्या. मी एकदा न राहवून म्हणाले, आई, आज ठेवा थोडं, मी उभी राहते. त्यांनी फडकं पिळलं, वाळत घातलं, आणि म्हणाल्या, "आता कुठल्या तोंडानं बोलावू त्यांना?" त्यानंतर त्या सिंगापूरला आल्या नाहीत. आम्हीच दर मे महिन्यात जातो. माझ्याशी नीट बोलतात. लोणचं देतात, केतकीसाठी खारवड्या देतात. 'गं' म्हणत नाहीत.

परवाना पुढच्या मार्चमध्ये मिळाला. त्या रात्री कौस्तुभ केतकीला खांद्यावर घेऊन घरभर नाचला, आणि मीही खूप रडले, आनंदानं, खोटं कशाला बोलू. काही वर्षांनी एका ओळखीच्या वकीलबाईंना मी हा प्रसंग, दुसऱ्या कुणाचा म्हणून, सांगितला. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या बाईंना बहुधा ताकीद देऊन सोडलं असतं, आणि परवान्याच्या अर्जाला त्याचं काही झालं असतं असं त्यांना तरी वाटत नव्हतं. हे मी कौस्तुभला सांगितलं नाही.

केतकी आता नऊ वर्षांची आहे. इंग्रजी, मराठी आणि शाळेतली चिनी, तिन्ही बोलते, आणि बोलायला लागली की थांबत नाही. तिचं बोलणं ऐकत राहणं हे माझं अजूनही सगळ्यात आवडतं काम आहे. मागच्या गुरुवारी तिला शाळेतून घरचा अभ्यास होता. आपल्या वस्तीतले पाच नियम लिहा, आणि ते मोडल्यास काय होतं ते एखाद्या उदाहरणासह सांगा. जेवताना वही ताटाशेजारीच. चार नियम लिहून झाले होते.

"पाचवा पक्ष्यांचा लिही," कौस्तुभ म्हणाला. "त्याला उदाहरणपण आहे. तू लहान असताना आपल्याकडं कुसुमा नावाची हेल्पर होती. ती रोज कठड्यावर कावळ्यांना भात ठेवायची. तिला पुष्कळदा सांगितलं होतं, पण ऐकलं नाही. मग सरकारी माणसं आली, दंड झाला, आणि तिला तिच्या देशात परत जावं लागलं. दुसऱ्याच्या देशात राहायचं तर तिथले कायदे पाळावेच लागतात, हे तिच्या लक्षात आलं नाही."

तो अगदी सहज सांगत होता, पोळीचा घास करत. मी त्याच्याकडं निरखून पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. सहा वर्षांत त्याच्यापुरतं ते तसंच घडून गेलं होतं.

केतकीनं लिहायला सुरुवात केली. कुसुमाचं स्पेलिंग विचारलं, कौस्तुभनं सांगितलं. एक ओळ लिहिली. मग पेन्सिल हनुवटीला लावून ती थांबली.

"कराडची आजी ठेवते तसाच भात?"

"हो, तसाच," कौस्तुभ म्हणाला.

"वरण घालून? गच्चीवर, आजोबांसाठी ठेवते तसा?"

कौस्तुभनं हातातला घास ताटात ठेवला. आई घरी परतल्यावर पुन्हा ठेवायला लागल्या होत्या, ते आम्हा दोघांनाही केतकीच्या तोंडूनच कळलं.

केतकी माझ्याकडं वळली. तिला कुणाचं उत्तर नीट ऐकायचं असलं की ती मान किंचित उजवीकडं वळवून डावा कान पुढं करते, तसा तिनं केला.

"मग आई, कुसुमाचं कोण वारलं होतं?"